जत्रेला पाहुणे नसतात

माझं माहेर खानापूर तालुक्यात, हमरस्त्याला लागून. बाबांची भातशेती आहे आणि बी-बियाणं, खतांचं दुकान. सासर जोयडा तालुक्यात. रामनगर मागं टाकलं की बराच वेळ जंगलातून जावं लागतं, मग आमची घरं लागतात. दोन्हीकडं मराठीच बोलतात, दोन्हीकडं त्यात कन्नड मिसळतं, सासरी वर थोडी कोकणी. त्यामुळं लग्न ठरताना बोलण्याची अडचण येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही. अडचण आली ती लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, आणि एका साध्या शब्दावरून.

माहेरी यात्रा म्हणजे पाहुणे. देवीची यात्रा कैक वर्षांनी एकदा येते. ती आली की गावातलं प्रत्येक घर रंगवून निघतं, लेकी-जावयांना बोलावणी जातात, दारात मांडव पडतो. कुणाच्या घरी किती गाड्या आल्या यावर नंतर महिनाभर बोलणं चालतं. कुणी यात्रा म्हणतं, कुणी जत्रा म्हणतं. आमच्या लेखी दोन्ही एकच.

त्या हिवाळ्यात बाबांना बियाण्यासाठी सासऱ्यांकडचं भात बघायचं होतं. आमच्या घरात फोन लागत नाही. वर चढणीवर गेलं की लागतो. सासरे नवऱ्याचा फोन स्पीकरवर लावून तिथं उभे होते आणि मी शेजारी.

"सोमवारी येऊ काय, पाव्हणं?" बाबांनी विचारलं.

"सोमवारी आमची जत्रा हाय," सासरे म्हणाले.

"जत्रा? मग तर आलंच पाहिजे!"

सासरे म्हणाले, "या की."

बस, एवढंच बोलणं. सासऱ्यांना वाटलं, व्याही एकटे येतील, येऊ देत. बाबांना वाटलं, लेकीच्या सासरी पहिली यात्रा आणि व्याह्यांनी तोंडानं बोलावलंय, तर चार माणसं घेऊन गेलं पाहिजे. मी दोघांचंही ऐकलं होतं. मला आनंदच झाला.

पुढचे दिवस मी वाट बघत होते की आता घराला चुना लागेल, कुणीतरी रामनगरला बाजाराला जाईल. काहीच होईना. शेवटी मी सासूबाईंना विचारलं, "आत्ती, सामान कधी आणायचं?"

"कसलं सामान?"

"जत्रंचं."

"तांदूळ हाय की घरात. नारळ हायत," त्या म्हणाल्या आणि गोठ्याकडं गेल्या.

मला वाटलं, यांच्या हातात पैसे नसतील, नव्या सुनेपुढं बोलायला संकोच वाटत असेल. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सकाळी उठले तर आत्ती चूल सारवत होत्या. आतली राख काढलेली, विस्तवाचा पत्ता नाही. चहा टाकू का म्हटलं, तर म्हणाल्या, "आज चूल पेटवायची न्हाई. कुणाच्याच घरात न्हाई. देवाकडं एकच चूल पेटती, तिथंच सगळ्यांनी जेवायचं."

"आणि पाहुणे?"

"जत्रंला कुठलं पाव्हणं? जत्रा गावाची. यात्रंला माणूस दुसऱ्याच्या गावाला जातंय. तुझं बाबा येणार म्हणालं, ते येऊ देत की. एक माणूस काय जड हाय?"

मी नवऱ्याला घेऊन धावतच चढणीवर गेले. बाबांचा फोन लागेना. आईचाही लागेना. म्हणजे ती मंडळी जंगलात शिरली होती.

त्यांचा टेम्पो ओढ्यापाशी थांबला, कारण पुढं त्याला वाट नव्हती. तिथून सगळे चालत आले. पुढं बाबा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मागं दोन्ही काका, काकू, इरकल नेसलेली आत्या, चुलत भावंडं, शेजारचं एक कुटुंब, आणि सगळ्यांत मागं आई, हातात माझ्यासाठी आणलेल्या साडीची पिशवी. माझे सासरे अंगणात उभे होते. ते मोजत नव्हते, पण त्यांचे डोळे त्या रांगेवरून शेवटपर्यंत गेले आणि परत आले.

"या, या," ते म्हणाले.

आत्तींनी सगळ्यांना गूळ आणि पाणी दिलं. बाबा पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवून बसून राहिले. चहा येईना. धाकट्या काकांनी घराच्या मागं जाऊन एक फेरी मारली आणि परत येऊन मला हळूच विचारलं, "मटण कुठं शिजतंय गं?"

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. मग बाबांना सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना चहा-जेवणाचं काही वाटत नव्हतं. शेजाऱ्यांना बरोबर आणलंय याची लाज वाटत होती. आत्या मात्र मोठ्यानंच म्हणाली, "बोलवलासा आणि चूल विझवून बसलासा, ही कुठली रीत म्हणायची?"

आत्तींना ते ऐकू गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "चला, देवाकडं जाऊ या. हितं बसून काय करायचं?"

देवाची जागा गावाबाहेर दाट झाडीत आहे. देऊळ असं नाही. दगड, त्यावर पत्र्याचं छप्पर, पुढं सारवलेली जागा. प्रत्येक घरचं तांदळाचं गाठोडं आधीच येऊन पडलं होतं. तीन दगडांच्या चुलीवर मोठं तपेलं चढत होतं. गावाचं आणि देवाचं बघणारा जो वडीलधारा, त्याला आमच्याकडं बुदवंत म्हणतात. सासरे त्याच्यापाशी गेले आणि खाली मान घालून काहीतरी बोलले. मी लांबून बघत होते. तांदूळ घराघराच्या हिशेबानं आलेला, आणि आमची माणसं टेम्पोभर.

बुदवंत उठून बाबांच्या समोर आला. म्हातारा, कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडं.

"जत्रंला पाव्हणं नसतात," तो म्हणाला.

बाबा टोपी सावरत उभे राहिले. त्यांना वाटलं, आता परत पाठवतात.

"आज हितं जे हायत ते गावचंच," म्हातारा पुढं म्हणाला. "तुमी पण गावचंच. आमच्यातलं दोघं आजारी हायत, माणूस कमी पडतंय. पाणी ओढ्यावरनं आणायचं, लाकडं फोडायची, नारळ खवायचं. काय येतंय तुमाला?"

आयुष्यात बाबांनी कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "नारळ खवतो की."

आणि ते खरंच खवायला बसले. शर्टाच्या बाह्या वर करून विळीवर बसलेले बाबा मी पहिल्यांदा बघितले. पहिल्या नारळाची करवंटीही खोबऱ्यात आली, तेव्हा शेजारी बसलेल्या एका माणसानं त्यांचा हात धरून कसा फिरवायचा ते दाखवलं. काका ओढ्यावर गेले. भावंडं लाकडं वाहू लागली. आत्या थोडा वेळ झाडाखाली तोंड फिरवून बसली. मग तिच्यापुढं कुणीतरी सोलायला कंद आणून ओतले, तेव्हा तिनं पदर खोचला.

ढोल वाजला, नैवेद्य झाला, मग पंगती बसल्या. पत्रावळीवर भात, कंदांची भाजी, कुळथाची आमटी, शेवटी गुळाची खीर. भात कमी पडला नाही, पण तो का कमी पडला नाही ते मी बघितलं. शेवटच्या पंगतीला माझे सासरे, नवरा आणि आमच्या वाडीतली माणसं बसली, आणि त्यांनी एकेकदाच वाढून घेतलं. बुदवंतही त्यांच्यातच होता. हे बाबांनीही बघितलं असावं. निघताना त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही हात धरले, पण बोलले फक्त बियाण्याबद्दल.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माहेरची यात्रा आली. बाबा स्वतः येऊन बोलावणं देऊन गेले आणि या वेळी त्यांनी नीट सांगितलं, "ही यात्रा हाय. तुमी यायचं, बसायचं, जेवायचं. काय करायचं न्हाई."

सासरची माणसं गेली. त्यांचा मान झाला, गादीवर बसवलं, पंगतीत आग्रह झाला. आत्ती दर थोड्या वेळानं उठून स्वयंपाकघराच्या दारात जायच्या आणि माझी काकू त्यांना परत आणून बसवायची. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "माणसं चांगली हायत गं. पण हितं आपण कशाला आलाव तेच कळंना. बसून बसून कंबर धरली माझी."

मी हसले. पण तेवढ्यात मागच्या अंगणात आई दिसली. भांड्यांचा ढीग, तिच्याबरोबर दोघी कामाला, आणि पुढच्या दारावरून देवीची पालखी चालली होती. वाजंत्री ऐकू येत होती. आई राखेनं भरलेले हात वर करून तिथूनच नमस्कार करत होती.

मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तू जा की बघायला, मी घासते."

"एवढ्या यात्रा झाल्या," ती म्हणाली, "पालखी मी कधी पुढ्यात उभं राहून बघितली न्हाई. घर भरलेलं असतंय ना." तक्रारीचा सूर नव्हता. मग म्हणाली, "तुमच्याकडची जत्रा बरी. तुझ्या बाबाला खोबरं खवताना बघितलं मी. आणि मी देवापुढं किती वेळ बसले होते, कुणी हाक मारली न्हाई."

बाबा त्या पहिल्या वेळेनंतर आमच्या जत्रेला आले नाहीत. दिवाळीला येतात, चहा पितात, भाताचा भाव सांगतात. दुकानात गिऱ्हाइकांना मात्र ते ही गोष्ट रंगवून सांगतात: "माझ्या जावयाच्या गावात जेवायला घालतात, पण आधी राबवून घेतात."

आई येते. दर वर्षी, जत्रेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीनं एकटी. बसमधून उतरून ओढा ओलांडून चालत येते. गेल्या वर्षी मी तिला म्हटलं, गुडघे दुखतात तर गाडी करून ये. तर म्हणाली, गाडी केली की तुझा बाबा आणखी चार जणांना बसवतो. जत्रेच्या दिवशी ती बायकांच्यात बसून कंद सोलते, आत्तींशी गप्पा मारते. ढोल सुरू झाला की हातातलं काम तिथंच टाकून पुढं जाते. सगळ्याच जातात. उरलेले कंद नंतर सोलले जातात.