"ॲलर्जी आहे का?" असं विचारायचं नाही!

लग्नात म्हणा, एसटी स्टँडवर म्हणा, मी नर्स आहे हे कळलं की समोरचा खुर्ची जवळ ओढतो. "सिस्टर, एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? अहो, वीस वर्षांत आमच्याकडे किस्से साठलेत ते औषधांच्या कपाटासारखे, फळीफळीने. खोकल्याचे वेगळे, बाळंतपणाचे वेगळे. पण सगळ्यात गच्च फळी ॲलर्जीची. म्हणजे लोक जिला ॲलर्जी म्हणतात, तिची!

आमचं रुग्णालय मुरुडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात. कोळीवाडा, मोहल्ला, नारळ-सुपारीच्या वाड्या, सगळीकडून पेशंट येतात. ओपीडीच्या दाराबाहेर एक पत्र्याचं टेबल आणि टेबलामागे आमच्या इनचार्ज जाधव सिस्टर. मूळच्या तळा गावच्या. आवाज असा, की पोर्चमधली कुत्रीसुद्धा उठून रांगेत उभी राहतील.

त्यांचा नियम एकच. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रत्येक केसपेपर या टेबलावर थांबणार. आणि "ॲलर्जी आहे का?" असं कुणीही विचारायचं नाही! "लोक हो तरी म्हणतात, नाहीतर नाही. दोन्ही उत्तरं बिनकामाची," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी तीन प्रश्न. कुठल्या औषधाने त्रास झाला? नक्की काय झालं? मग काय केलंत?

गेल्या वर्षी पुण्याहून नवे डॉक्टर आले. हुशार, चटपटीत, पण भारी घाईचे. रांग गेटपर्यंत गेलेली पाहून म्हणाले, "सिस्टर, ॲलर्जी आहे की नाही, हा एका शब्दाचा प्रश्न आहे. मी आतच विचारीन. एक तारखेपासून हे टेबल उचला."

जाधव सिस्टर टेबलावरचे केसपेपर नीट लावत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. पंधरा वर्षं ज्या टेबलाने माणसं वाचवली, ते उचलायचं? मग मी ठरवलं. रोज दुपारच्या चहाला डॉक्टरांना एक किस्सा ऐकवायचा. बघू कसे बधत नाहीत!

*

पहिला सांगितला पांडूदादाचा. कोळीवाड्यातला खलाशी, टीबीचं औषध चालू केलेलं. चौथ्या दिवशी टेबलापुढे येऊन रडायलाच लागला.

"सिस्टर, माना ॲलर्जी झाली! लघवीतून रगात जातंय. मी गोल्या खाडीत टाकल्या!"

जाधव सिस्टरांनी विचारलं, "रक्त की केशरी पाणी?" पांडूदादा विचारात पडला. "तसा... केशरीच हाय." त्या गोळीचा रंगच उतरतो लघवीत. सिस्टरांनी त्याला समजावलं, नव्या गोळ्या दिल्या, दम दिला.

आठ दिवसांनी पांडूदादा पुन्हा हजर. जास्तच रागावलेला.

"सिस्टर, आज रंग न्हाय आला! गोल्या डुप्लिकेट हायत!"

"काल घेतलीस का?"

"काल? काल बोटीवर व्हतो ना!"

पुढे त्याने सगळा कोर्स पुरा केला. आज जाळं ओढतोय दोघांचं एकटा.

*

डॉक्टर हसले. "मस्त आहे. पण टेबल उचला."

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यातल्याच सावित्रीमावशींच्या सुनेचा किस्सा काढला. सात महिने भरलेले, रक्त इतकं कमी की पापण्या आतून पांढऱ्याफटक. आणि तिच्या जुन्या कागदावर, कुठल्याशा दवाखान्यातून, लाल अक्षरांत लिहिलेलं, 'लोहाच्या गोळ्यांची ॲलर्जी.' त्या लाल अक्षरांना घाबरून कुणी तिला गोळी देईना.

जाधव सिस्टर म्हणाल्या, "नक्की काय झालं?"

सून लाजून चूर. सासूच म्हणाली, "तिला नं... काला व्हतं."

बस्स! एवढ्यासाठी ती पोर दोन महिने बिनगोळीची राहिलेली! लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंच. सिस्टरांनी तेव्हाच्या डॉक्टरांना दाखवून तो लाल शेरा काढायला लावला, आणि रोज संध्याकाळी ड्युटी संपली की तिच्या घरी जाऊन समोर गोळी गिळायला लावली. बाळंतपण आमच्याच लेबर रूममध्ये झालं. मुलगी, पावणेतीन किलो.

सावित्रीमावशी आता नळावर हंडा लावून उभ्या असल्या, की गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला मोठ्याने विचारतात, "काय गो, काला झाला का? झाला? मग लागू पडली!"

*

मग मोहल्ल्यातल्या फातिमाखाला. वर्षभर कोरडा खोकला. मध झाला, काढा झाला, लोणचं बंद झालं. टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सिस्टर, माना धुराची ॲलर्जी हाय. आमचे मियाँ बिडी ओढतात ना!"

जाधव सिस्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली. ब्लडप्रेशरची गोळी कधीपासून? वर्षापासून. खोकला कधीपासून? खाला बोटं मोजत थांबल्या. काही जणांना त्या गोळीने असा खोकला येतो. तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, पंधरा दिवसांत खोकला गायब.

खाला पेढे घेऊन आल्या. जाताना सिस्टरांच्या कानाशी वाकल्या. "गोळीचा खोकला होता, हे मियाँना बोलू नका हां. अल्लाच्या मेहेरबानीने बिडी सुटलीय त्यांची!"

*

एक छोटासा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आलेला धिप्पाड वाडीवाला. मी अजून कुपीच फोडत होते, तोवर हा बाकावर आडवा!

शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "बघा, सांगितलं होतं ना, मला सुई सहन होत नाही!"

म्हटलं, "अहो, अजून टोचलंच नाही!"

"न टोचता एवढं, तर टोचल्यावर किती होईल?"



*

डॉक्टर आता चहाला वेळेवर यायला लागले होते. पण टेबलाचा विषय निघाला की, "एक तारीख."

मग मी गुरुजींचा किस्सा सांगितला, तो मात्र मला स्वतःला फार जवळचा. निवृत्त शिक्षक. ॲलर्जीची टाइप केलेली, लॅमिनेट केलेली यादी! एकूण चौदा औषधं. 'तापाची गोळी: घाम येतो.' 'पित्ताची गोळी: ढेकर येतात.' आणि नववी ओळ, देवाशपथ सांगते, 'झोपेची गोळी: झोप येते!'

मी तोंडात पदर कोंबून आत पळाले. जाधव सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि चौदाच्या चौदा ओळी वाचल्या. अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. 'सल्फाची गोळी: तोंड सोलले, अंगावर फोड.'

"गुरुजी, बाकीच्या तेरा खोडा. ही मात्र मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवा. ही तुमचा जीव घेईल."

हसणं सोपं असतं हो. मी हसले होते आणि अकरावी ओळ माझ्याकडून सुटली असती. त्या बाईच्या हाताखाली मी काम करते याचा मला अभिमान आहे, आणि तो का नसावा?

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पण ही खेड्यातली माणसं, सिस्टर. शिकलेल्या माणसाला एक शब्द पुरतो."

*

महिनाअखेरचा रविवार. डॉक्टर समुद्रावर गेले आणि खडकावरच्या कालवांनी तळपाय चिरून आले. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी पाय टम्म, अंगात ताप. शेवटी आमच्याच वॉर्डात खाटेवर झोपले. स्वतःचा केसपेपर स्वतःच लिहिला. पेनिसिलीनच्या घराण्यातलं इंजेक्शन. खाली, 'ॲलर्जी: नाही.'

मी सिरिंज भरून उभी. जाधव सिस्टर केसपेपर घेऊन आल्या.

"कुठल्या औषधाने कधी त्रास झाला?"

"सिस्टर, मी डॉक्टर आहे."

"लहानपणी?"

"मला आठवेल का ते!"

"मग ज्यांना आठवेल त्यांना फोन लावा."

डॉक्टर तापातसुद्धा हसले. "लावा, तुमचं समाधान होऊ दे." फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून डॉक्टरांच्या आई, पुण्याच्या काकू.

"ॲलर्जी? छे हो! आमच्या बाळूला कसलीही ॲलर्जी नाही."

डॉक्टरांनी माझ्यासमोर दंड पुढे केला. मी कापूस फिरवला.

जाधव सिस्टर फोनवर वाकल्या. "काकू, ॲलर्जी राहू दे. लहानपणी कुठल्या औषधाने काही झालं होतं?"

"तसं काही नाही हो. चार वर्षांचा असताना ते एक गुलाबी औषध दिलं, तर ओठ सुजले, श्वास घेता येईना, रिक्षातून नेईपर्यंत निळा पडला होता. पण त्यानंतर कधीच काही झालं नाही. मी ते औषध पुन्हा दिलंच नाही ना!"

माझा हात जागच्या जागी थांबला.

"नाव आठवतं का काकू औषधाचं?"

"फाइल आहे ना माझ्याकडे. फोटो पाठवते."

दोन मिनिटांत फोटो आला. जाधव सिस्टरांनी मोबाइल डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला. तेच घराणं. डॉक्टरांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि दंड हळूच चादरीखाली घेतला.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. दुसरं औषध ठरलं, सलाईन लागलं.  मग खाटेवरून आवाज आला, "सिस्टर..."

"काय डॉक्टर?"

"ते बाहेरचं टेबल..."

"परवा एक तारीख आहे. उद्याच उचलते."

"नको. तिथे अजून एक खुर्ची ठेवा."

"कुणासाठी?"

"पेशंटच्या आईसाठी."