दुकानाचा नवा पत्ता

मल्हारगंजातल्या आमच्या दुकानात शाळांसाठी ट्रॉफ्या आणि शील्ड बनतात. दुकानाचा ईमेल यांनी उघडला होता, फुकटातला, आम्हा नवरा-बायकोची नावं जोडून. दीर तेव्हा हसले होते, हा दुकानाचा पत्ता आहे की लग्नपत्रिका म्हणून. हे गेल्यावर मेलचं सगळं काम माझ्याकडे आलं. शाळांकडून बक्षीस मिळालेल्या मुलांची नावं यायची, ती तपासून मी कारागिरांना द्यायची, उत्तरं लिहायची. सकाळी अन्नपूर्णा भागातल्या घरातून निघताना वाटायचं, कुठेतरी कुणीतरी आपली वाट बघतंय. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

यंदा दिरांचा मुलगा म्हणाला, "काकू, आजकल फुकटच्या आयडीवर कोणी भरोसा नाही करत. दुकानाच्या नावाचा प्रोफेशनल घेऊन टाकू."

त्याचं काही चूक नव्हतं. मोठ्या शाळा जुना पत्ता बघून खरंच नाक मुरडायच्या. नवा पत्ता आला. त्यात मेलची एक पेटी त्याची, एक दिरांची. माझी कुठाय विचारलं, तर म्हणाला, "आता तुम्ही आराम करा ना, काकू." इतक्या प्रेमानं म्हणाला की भांडायला जागाच ठेवली नाही. पूर्वीची मी असते तर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

या वेळी हट्ट एकच केला. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ओळ हमखास लिहायचे. नव्या पत्त्यावरून आपोआप जाणाऱ्या उत्तरात ती ठेवायला लावली: "हमें याद करने के लिए धन्यवाद, हम जल्द आपसे बात करेंगे."

आता मी दुकानात खुर्चीवर बसते. येणारे-जाणारे नमस्कार करतात, चहा येतो. जुनी पेटी अजून रोज मोबाइलवर उघडते. कर्ज घ्या, टक्कल घालवा, परदेशी चला. मला टक्कल नाही आणि परदेशी मला कोण नेतंय? जाहिराती पुसते आणि फोन पर्समध्ये टाकते.

परवा मात्र हातोदच्या शाळेतल्या सरांचा मेल आला, सवयीनं जुन्याच पत्त्यावर. शील्डांची ऑर्डर होती. लगेच उत्तर लिहायला घेतलं. पण भाव, तारखा, काहीच आता माझ्याकडे नव्हतं. मेल तसाच नव्या पत्त्यावर पाठवला. वर लिहिलं, सरांना अक्षरं मोठी लागतात, आणि काही मदत हवी असेल तर मी आहे.

दुसऱ्या दिवशी पुतण्या खुशीत होता. "देखा काकू? हातोदवाल्या सरांची ऑर्डर नवीन आयडीवर आली. मी म्हटलं होतं ना."

मेल कुणी पाठवला ते त्यानं बघितलंच नव्हतं. वर मी काय लिहिलंय ते वाचणं तर दूरच. मी "छान" म्हटलं. भांडून काय मिळणार होतं? मी त्याला दिसतच नव्हते, आणि न दिसणाऱ्या माणसाचं भांडण ऐकणार कोण?

घरी येऊन जाहिराती पुसायला पेटी उघडली. त्यांच्यामध्ये माझ्या मेलला दुकानाचं ते आपोआप जाणारं उत्तर आदल्या दिवशीच येऊन पडलं होतं. यांची ओळ, यांनी परक्यांसाठी लिहिलेली. हमें याद करने के लिए धन्यवाद.

ती पुसायला बोट वळेना. त्या सगळ्या पेटीत मला आलेलं तेवढंच होतं.