अल्विना बीकर आणि नववी फेरी

अल्विना बीकर आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं होती आणि तितकीच वर्षं दर वसंतात धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून फेऱ्या मोजत होती. तोंडावर आम्ही तिला मिसेस बीकर म्हणायचो, पाठीमागे नुसतं अल्विना. दोन मैलांची शर्यत म्हणजे आठ फेऱ्या. पाचव्या-सहाव्या फेरीला पोरींना स्वतःचं नावसुद्धा धड आठवत नसतं, त्यामुळे कितवी फेरी चाललीय ते सांगायला शुद्धीवरचं एखादं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे अल्विना. मांडीवर वही, गळ्यात घड्याळ, पायाशी पितळी घंटा. पोरगी समोरून गेली की तिच्या नावापुढे एक रेघ, रेघेखाली तेव्हाची वेळ.

पहिल्या नंबरची पोरगी शेवटच्या फेरीला लागली की घंटा वाजते, ते सगळीकडेच आहे. अल्विना मात्र सगळ्यात मागे राहिलेल्या पोरीसाठी ती पुन्हा वाजवायची. कोचने एकदा विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "का? तिची शेवटची फेरी नसते का?"

कॅन्ससमधल्या त्या आमच्या गावात आडनावं मोजून सहा. सगळ्यांचे पणजोबा रशियातल्या व्होल्गाकाठहून एकाच वर्षी आलेले, सगळे रविवारी एकाच चर्चमध्ये जाणारे. त्यात ट्वायला पेनिंग आली ओक्लाहोमाहून, ना त्यातलं आडनाव, ना आमचं चर्च. आई वृद्धाश्रमात कामाला, घर म्हणजे धान्याच्या कोठारामागे उभा केलेला ट्रेलर. पोरगी वर्गात बोलायची नाही, बोलली तर हसं व्हायचं. दोन वर्षांत कोणी तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. "ए ट्रेलर" म्हणत. मला "कोठार" म्हणत, कारण मी गोळाफेकवाली आणि अंगानेही तशीच. "कोठार आलं रे, रस्ता सोडा!" अशा दोघी आम्ही जेवायच्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पिठाच्या पोत्यांवर बसायचो. अल्विनाने आम्हाला कधी या म्हटलं नाही आणि कधी हटकलंही नाही. दोन ताटं मात्र रोज तिथे असायची.

ट्वायला धावायची ते मला अजून स्वप्नात दिसतं. वेग म्हणाल तर बेताचाच. पण धावताना तिची मान जराशी कलती असायची, लांबून कोणी काही सांगतंय आणि ती ऐकतेय अशी. धावपट्टीच्या पलीकडे गहू. वारा आला की सगळं हिरवं एका बाजूला झुकायचं, मग संथपणे परत यायचं, आणि कधीकधी वाटायचं की धावपट्टीच हलतेय आणि ट्वायला आपल्या जागीच आहे.

कोचचा नियम साधा होता. लीगच्या शर्यतीत आठ फेऱ्या पंधरा मिनिटांच्या आत, की जाकिटावर लावायला शाळेच्या नावाचं लोकरी अक्षर. मोठ्या माणसांना हे पोरकट वाटेल. वाटू दे. आमच्या शाळेत अक्षरवाला माणूस आणि बिनअक्षराचा माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ट्वायलाच्या आईने चर्चच्या जुन्या कपड्यांतून कोणाचं तरी जाकीट आणून ठेवलं होतं. मूळचं अक्षर उसवलेलं, त्या जागी गडद डाग. वर्षभर ते खिळ्याला लटकत होतं. ट्वायलाला अक्षर हवं होतं, दुसरं काही नको.

मे महिना, लीगचा दिवस, उन्हं कलायला लागलेली. हवेत धुळीचा सोनेरी पडदा. पहिली पोरगी बारा मिनिटांत आली, पाठोपाठ बाकीच्या. पट्टीवर उरली ट्वायला एकटी. लोक डबे उघडायला लागले होते. मला राग आला. मी उठले आणि गोळा टाकताना ओरडते तसं ओरडले, "ट्वायला!" पोरं खिदळली. कोणीतरी माझी नक्कल केली, "ट्वायलाऽ!" मग दुसऱ्याने, मग बायकांनी. आधी चेष्टाच होती. पण तशी मान कलती करून धावणाऱ्या पोरीची चेष्टा किती वेळ करणार? हाका बदलल्या, तशी माणसं उभी राहिली. पेनिंग कोण ते माहीत नसलेल्या म्हाताऱ्याही हाका मारायला लागल्या. धुळीतून, उन्हातून ते नाव वाऱ्याबरोबर गव्हापर्यंत जाऊन परत येत होतं. मला वाटलं, हे आता थांबूच नये.

ती समोर आली आणि अल्विनाने घंटा वाजवली. म्हणजे अजून एक फेरी. ट्वायलाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. ती फेरी संपली तेव्हा घड्याळात सोळा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. अक्षर गेलं. मी रडले. ट्वायला मात्र गवतावर उताणी पडून आभाळाकडे बघत होती, आणि हसत होती.

सोमवारी आम्ही पोत्यांवर बसलो होतो. अल्विना बिरॉकचं, म्हणजे आमच्याकडच्या भरलेल्या पावांचं, पीठ मळत होती, कोबी आणि खिमा शेजारी निवत होता. मधेच तिने हात पुसले आणि वही काढली.

"पोरी, हे बघ. प्रत्येक फेरीला तुला दोन मिनिटांहून थोडं कमी लागलंय. आणि इथे, सहाव्या आणि सातव्या रेघेच्या मधे, जवळजवळ चार." तिने त्या जागेवर बोट ठेवलं. "न कळण्याइतकं अवघड नाहीये ते. मधली एक फेरी मी मांडलीच नाही. घंटा वाजवली तेव्हा तुझ्या आठ झाल्या होत्या. चौदा मिनिटं पन्नास सेकंद. अक्षर तुझं होतं गं."

"माहीत आहे," ट्वायला म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी मोजत होते. माझं मी मोजते नेहमी."

मी ओरडले, "अगं बये, मग थांबली का नाहीस?"

ट्वायलाने ताटातला पाव कुस्करला. "ते सगळे हाका मारत होते. थांबले असते तर ते बसले असते." मग घाईने म्हणाली, "मिसेस बीकर, कोचना सांगू नका. सांगितलंत तर ती फेरी चूक ठरेल. म्हणतील, ट्रेलरला मोजताही येत नाही. अक्षर नको मला. ती फेरी राहू दे."

अल्विना पुन्हा परातीकडे वळली. पिठाचे गोळे करत राहिली, एकेक सारखा.

"चूकच होती ती," शेवटी म्हणाली, "पण माझी. सव्वीस वर्षांत पहिली. कशी झाली विचार ना."

"कशी?"

"तू सातवी संपवून समोरून गेलीस तेव्हा मी उभी होते. वही खाली पडलेली. मीही तुझं नाव घेऊन ओरडत होते, बाकीच्यांसारखी. रेघ मारायचं भानच नव्हतं मला." तिने डोळ्यांना मनगट लावलं, गालाला पीठ लागलं. "ती फेरी कोणी पुसत नाही, ट्वायला. राहिलेली रेघ मी मारते, माझ्या वहीत नऊच राहतील. पण तुझं अक्षर मी माझ्या लाजेपायी बुडवणार नाही."

आणि तशीच, पिठाच्या हातांनी, वही घेऊन कोचच्या खोलीकडे गेली. ट्वायला तेव्हा रडली, ढसाढसा, दोन वर्षांचं सगळं एकदम.

अक्षर मिळालं. अल्विनाची घंटा मात्र गेली. लीगवाल्यांनी पुढच्या वर्षीपासून फेऱ्या मोजायला बँकेतल्या एका तरतरीत माणसाला बसवलं. गावात कुजबुज झाली, म्हातारी थकली म्हणून. मला ते फार लागलं. शर्यतीच्या दिवशी तिला कुंपणाशी उभी पाहून मी म्हटलं, "वाईट वाटतं का हो, मिसेस बीकर?"

"वाटतं तर," ती म्हणाली. "पण गप्प बस जरा, ऑर्लीन. ती येतेय."

ट्वायलाची पहिलीच फेरी होती, अजून सात बाकी. अल्विनाने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडायला सुरुवात केली.