ताई बसली नाही

मी पत्रकं लिहिते. ‘जाहीर निषेध’, ‘जागे व्हा’ मला झोपेतही येतं. म्हणून आडवळणं न घेता सांगते: हे मी जळून लिहितेय.

आमच्या गावच्या संघर्ष समितीची अध्यक्ष ताई. वादळात तिची सुपारीची वाडी आडवी झाली आणि पडत्या माडाखाली नवरा गेला. तेरावं आटोपलं आणि बाई पंचनाम्यांसाठी हिंडायला लागली, तेही दुसऱ्यांच्या. डोळ्यांत टिपूस नाही. गाव म्हणालं, दगडाची बाई हाय, हिच्या मागं जाऊ. आणि गेलं. सभेत मी घसा फोडून बोलायचे, टाळ्या मिळायच्या. ताई पाण्याचा तांब्या मागावा तशा आवाजात म्हणायची, “उद्या सगळ्यांनी यायचं,” आणि सगळे यायचे. तिच्यासारखं कोरडं व्हायचं म्हणून मी आरशासमोर तोंड घट्ट करून पाहिलं. नुसतीच दाढ दुखल्यासारखी दिसायचे.

यंदा पाखाडीचा प्रश्न आला. दिवेआगरच्या थोडं पुढे आमचं गाव. पाखाडी म्हणजे खाडीवर उतरणारी दगडी पायवाट; ओहोटीला बायका तिच्यावरूनच तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जातात. एका रिसॉर्टवाल्यानं तिथे फाटक ठोकलं. माणगावला सुनावणी लागली. वाट आमच्या वापरातली आहे, हे बायकांनी स्वतः उभं राहून सांगायला हवं होतं. त्या आल्या तर वाट राहणार, नाही तर गेली.

आणि आदल्या दिवशीच खालच्या आळीतली म्हातारी वारली. आमच्याकडे अशा घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात नेतात, आणि जो जाईल तो आधी खाली बसतो. बोलायचं काही नसतं. नुसतं बसायचं. मीही कोपऱ्यात बसले होते.

ताई आली, उंबऱ्यातच उभी राहिली. सुनेला म्हणाली, “वाईट झालं.” मग बायकांकडे वळून, “सकाळची पहिली एसटी. चुकवू नका कोणी.”

“ताय, बस की जरा,” सून म्हणाली.

“नको, वरची आळी राहिलीय.”

ती गेली, तोच रिसॉर्टचा मॅनेजर आला. शेजारच्या गावचाच पोरगा. हातात पिठल्याचं पातेलं. चपला काढून जमिनीवर बसला, आणि लहानपणी म्हातारीनं कशी तिसऱ्यांची आमटी वाढली ते सांगता सांगता रडला. हे नाटक असावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले. नव्हतं. तेच झोंबलं.

“भाऊ, पाणी घे,” सून म्हणाली. भाऊ! फाटकाची चावी ज्याच्या खिशात, तो भाऊ! आम्ही झिजतोय, आम्हाला कधी कोणी पाणी विचारलं?

मी ताईला रस्त्यात गाठलं. “तुला काही वाटतच नाही का गं? तो आत रडतोय आणि तू एसटीची वेळ सांगून येतेस!”

ताई थांबलीही नाही. “बसले असते तर उठताच आलं नसतं मला. मग उद्या कोण गेलं असतं?”

“त्या येणार नाहीत आता.”

“येतील. नेहमी येतात.”

सकाळी स्टँडवर आम्ही दोघीच. मासळीची पाटी घेऊन निघालेल्या एकीला मी दरडावून विचारलं, “बाकीच्या कुठायत? सुतक एका घराला, गावाला नाही!”

“सुतकाचं न्हाय गं बये. ताय आमच्यात बसली न्हाय. मग आम्ही तिच्या बाजूनं उभं कशाला ऱ्हायचं?”

माणगावला ताई मुद्देसूद बोलली, आवाज जराही हलला नाही. साहेबांनी विचारलं, “वाट वापरणाऱ्या बायका कुठे आहेत?” तिनं उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! एरवी याच नजरेसाठी मी जीव टाकला असता.

फाटक राहिलं. ओहोटीला मॅनेजर ते उघडून देतो. बायका म्हणतात, भाऊ चांगला हाय. हक्काची वाट, आणि आता त्याची मेहरबानी! माझा तिळपापड होतो.

परवा मी तिच्या घरी गेले, तर ताई अपिलाचं बोलायला लागली. मी म्हटलं, “अपील मी लिहिते. तू आधी खालच्या आळीत जाऊन बस.”

“जाऊन बोलू काय?”

“काही बोलायचं नसतं, ताई.”

तिनं चपला घातल्या, अंगणापर्यंत गेली, परत आली. “आज नको,” म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ ओटा पुसत राहिली.

मी जोर केला नाही. अपीलही लिहिलेलं नाही. बायकाच नाहीत, तर लिहू कुणाच्या नावानं?