लेकीच्या गाडीमागचं कॅरिअर

लेकीला नाशिकला नोकरी लागली तेव्हा तिने कपडे नेले, पुस्तकं नेली, माझा लहान कुकर नेला. सायकल मात्र इथेच राहिली. वाकड्या हँडलची, बारीक चाकांची, गिअरवाली सायकल. आधी लेक मसाटच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती, तेव्हा स्वतःच्या पगारातून घेतलेली. डोकमर्डीला आमचं घर तळमजल्यावर आहे. जिन्याखाली एक सायकल मावेल एवढी जागा आहे. तिथे ती जुन्या चादरीखाली उभी असायची.

त्या सायकलीसाठी लेक दर पंधरा दिवसांनी यायची. असं मी म्हणते, ती कधी म्हणाली नाही. शनिवारी संध्याकाळी तिची गाडी दारात लागायची आणि रविवारी उजाडायच्या आत ती सायकल काढून सुरंगी गावाच्या रस्त्याला निघायची. नाशिकला तिच्या घराबाहेर पडलं की नुसते ट्रक. इथे वस्ती मागे पडली की साग सुरू होतो, रस्ता मोकळा असतो. ऊन चढायला लागलं की ती परत यायची. पोटऱ्यांवर धूळ, तोंड लालबुंद. बूट न काढता दारातल्या पायरीवर बसायची. मी तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची. मग ती बोलायची.

एरवी ती बोलत नाही. माझ्यावर गेलीय. फोनवर आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हो, तू जेवलीस का, हो. पण सायकलवरून आली की घामाबरोबर तिच्या आतलं सगळं बाहेर यायचं. ऑफिसातली मॅडम चारचौघांत कशी टोचून बोलते. एक मुलगा आवडला होता, तो मग का नावडला. आपल्याला खरं तर काय करायचं होतं आणि आपण काय करत बसलोय. मी उंबऱ्याच्या आत बसून भाजी निवडायची. विचारायची काही नाही, कारण विचारलं की ती थांबते. भाजी निवडून झाली तरी निवडलेलीच परत निवडायची. मग ती एकदम म्हणायची, "चल, आंघोळ करते," आणि ते संपायचं. पुढचे पंधरा दिवस मी त्यातलं एकेक वाक्य आठवत काम करायची.

मधल्या वारी कधीतरी चादर काढून मी सायकल पुसायची. यांच्या जुन्या बनियनने दांडा, मग चाकांच्या तारा एकेक करून. हे बघायचे आणि म्हणायचे, "एवढी सेवा गाईची केली असती तर शेरभर दूध तरी मिळालं असतं." हे म्हणजे माझे मिस्टर. मसाटलाच धाग्याच्या कारखान्यात फिटर आहेत. आम्ही धुळ्याकडून आलो ते त्या नोकरीसाठीच.

गेल्या पावसाळ्यानंतर लेक आली तेव्हा तिच्या गाडीला मागे काहीतरी लागलेलं होतं. बंपरखालून बाहेर आलेला लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकावर गुळगुळीत गोळा, लिंबापेक्षा मोठा, पेरूपेक्षा लहान.

यांनी खाली वाकून बघितलं. "हा ट्रॉलीचा हुक कशाला लावलास? ऊस न्यायचाय कारखान्याला?"

"टो बार म्हणतात त्याला, पप्पा. ह्याच्यावर सायकलचा रॅक बसतो. नाशिकला आमचा ग्रुप आहे. दर रविवारी सगळे गाडीला सायकल लावून घाटाकडे जातात. मी एकटीच घरात. आता नवीन फ्लॅटला गॅलरी मोठी आहे, सायकल तिथे राहील."

"मग गाडीत टाकून ने ना, त्यात काय!"

"एकदा नेता येईल. दर रविवारी कोण चाक काढणार, सीट पाडणार? सीटला सगळं ग्रीस. आणि मैत्रिणीला कुठे बसवू, टपावर?"

मी पोळ्या लाटत होते. दर रविवारी हा शब्द मी ऐकला आणि पोळी तव्यावर टाकली. दर रविवारी घाटात गेल्यावर सुरंगीला कधी येणार, हे विचारायचं होतं. मी म्हटलं, "आता थंडी येईल. उन्हाळ्यात नेलीस तर?"

"थंडीतच तर मजा असते गं आई."

आमच्याकडे कुणी सरळ असं बोलत नाही की जाऊ नकोस. माझी आईही बोलली नव्हती. थंडीचं बोलायचं, उन्हाचं बोलायचं, गाडीच्या वेळेचं बोलायचं. समोरच्याने ओळखायचं. लेक दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांत वाढलेली. तिला थंडी म्हणजे थंडीच वाटते.

यांच्या अंगात मात्र वारं शिरलं. "विकतचं कशाला? मसाटला वेल्डर माझा आहे. पुढच्या खेपेपर्यंत कॅरिअर तयार ठेवतो." ते रॅक म्हणतच नाहीत, कॅरिअरच म्हणतात. कामावरून आले की कागदावर आकृत्या काढायचे, मला दाखवायचे. मी मान हलवायची.

पुढच्या वेळी लेक आली तेव्हा ते कॅरिअर टेम्पोतून येऊन दारात पडलेलं होतं. अँगल, जाड पाईप, चार बाजूंनी पट्ट्या, वर लाल रंग. शेजारचे दोघे जण हात लावायला आले तेव्हा ते उचललं गेलं. गोळ्यावर ठेवून यांनी पाना फिरवला. बाजूला झाले मात्र, गाडीचं ढुंगण खाली बसलं आणि तोंड आभाळाकडे गेलं.

"अजून सायकल ठेवलीच नाही," लेक म्हणाली.

"मजबूत आहे," हे म्हणाले. "हत्ती बांध, तुटायचं नाही."

"पप्पा, मी हत्ती चालवत नाही."

शेजारी हसले, हेही हसले, पण जरा उशिरा. कारखान्यात मशीन हलू नये म्हणून जे जे करतात, ते सगळं त्यांनी त्या एका सायकलसाठी केलं होतं. मी आत जाऊन चहा टाकला. मला इतकं बरं वाटत होतं की चहात साखर दोनदा पडली. कॅरिअर जमलं नाही, म्हणजे सायकल राहिली. ते लाल धूड आता मागच्या भिंतीला टेकून आहे, वालाचा वेल चढलाय त्याच्यावर.

पण लेक माझ्यासारखी पटकन मागे सरणारी नाही. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "वापीच्या रस्त्याला गाड्यांच्या सामानाचं मोठं दुकान आहे, तिथे रॅक मागवून ठेवलेत त्यांनी. चला, तिघं जाऊ."

मी दुकानात गेले की मागे उभी राहते, पिशवी पोटाशी धरून. तशीच राहिले. दुकानदार गुजराती, बोलका. त्याने तीन तऱ्हा दाखवल्या. एक टपावर बसवायचा.

लेक म्हणाली, "हा नको. माझी उंची बघा ना. दर वेळी स्टूल घेऊन फिरू?"

"तो दिदी, यह पट्टेवाला. डिकी पर बांधो, हो गया."

"पट्टा ढिला पडला की सायकल हायवेवर. आणि रंग घासतो."

मग हुकवरचा आला. खाली चाकांसाठी दोन पन्हळी, वर सायकलचा दांडा पकडायला दोन हात, मागे स्वतःचे लाल दिवे आणि नंबर प्लेट लावायला जागा. गाडीची नंबर प्लेट सायकलींमागे झाकली जाते, म्हणून तिथे दुसरी लावायची. यांनी प्रत्येक नट बोटाने फिरवून पाहिला.

"पत्रा पातळ आहे," ते म्हणाले.

"पप्पा, प्लीज."

"नुसतं सांगतोय."

दुकानदार म्हणाला, "काका, हलका आहे म्हणून तर चांगला. गोळ्यावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. रॅक पण त्यातच मोजायचा." यांनी नटावरचा हात काढला. घरचं लाल धूड आठवलं असेल.

लेकीने दोन सायकलींचा पसंत केला. एक तिची, एक मैत्रिणीची. गाडी दुकानासमोर उभी होती. दुकानदाराने तो गोळ्यावर चढवला, कडी आवळली, किल्ली फिरवली. गाडी जराही वाकली नाही. लेकीचा चेहरा असा झाला होता, जसा सुरंगीहून आल्यावर होतो. ती पैशांना हात घालणार, एवढ्यात मी बोलले.

"डिकी कशी उघडणार?"

सगळे माझ्याकडे वळले. आमच्याकडे लेक माहेराहून रिकामी जात नाही. तिची डिकी मीच भरते. ज्वारीचे बिबडे, शेवया, कळण्याचं पीठ, मिरच्या, घरचं तिखट. सायकली मागे लागल्यावर डिकीचं दार वर कसं जाणार? पिठाची काळजी मला होतीच. पण त्याहून जास्त असं वाटत होतं की आता हे मोडेल. लेक ओठ चावेल, म्हणेल, राहू दे मग. सायकल आपली जिन्याखाली जाईल.

लेकीने दार उघडून बघितलं. ते वर जाऊन रॅकला अडलं.

"बेन, तमे तो पॉइंटनी वात करी!" दुकानदार म्हणाला आणि आत जाऊन दुसराच रॅक घेऊन आला. दिसायला तसाच. तो चढवून त्याने खालची पट्टी पायाने दाबली, तसा अख्खा रॅक मागे कलला, वाकून नमस्कार करावा तसा. डिकी पूर्ण उघडली.

लेकीने मला भर दुकानात मिठी मारली. "आई, तू नसतीस तर मी आधीचा घेऊन गेले असते आणि नाशिकला डोकं धरून बसले असते!"

हे शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमची मंडळी. बोलत नाही, पण बोलली की बघा."

मी हसले. दुसरं काय करणार? मी अडवायला हात पुढे केला आणि त्या हातानेच गाडी ढकलली.

रविवारी दुपारी ती निघाली. सायकल लावताना मला म्हणाली, "तू दाब ना पट्टी, तुझ्यासाठी घेतलाय." मी दाबली. डिकी भरली. नेहमीपेक्षा जास्तच भरली. गाडी वळणावर जाईपर्यंत एरवी मला काचेतून तिचं डोकं दिसायचं. या वेळी मध्ये सायकल होती. चाकं पन्हळीत पट्ट्यांनी घट्ट बांधलेली होती, जराही फिरत नव्हती.

त्यानंतर फोटो यायला लागले. घाट, धुकं, रस्त्याकडेची टपरी, पाच-सहा जण हेल्मेट घालून. मी बोटांनी फोटो मोठा करते आणि तिचं तोंड बघते. लाल असतं. म्हणजे ती आता बोलत असेल, कुणाशी तरी. त्या मैत्रिणीशी असेल. मला त्या मैत्रिणीचा राग येत नाही. फक्त वाटतं, ती भाजी निवडते का, की मध्येच काही विचारते?

दिवाळीला लेक आली, सायकलशिवाय. म्हणाली, "दोन दिवस नुसती झोपणार आहे." झोपली. उशिरा उठून अंगणात आली तेव्हा मी उंबऱ्यापाशी मेथी घेऊन बसले होते, मुद्दाम मोठी जुडी घेऊन. ती पायरीवर बसली. मी मान खाली घालून पहिली काडी उचलली.

"दे, मी करू लागते," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी मेथी निवडली. दोघी असल्यामुळे पटकन झाली. ती आत गेली.

संक्रांतीला ती आलीच नाही. ग्रुपचं काही होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. तरी बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून हे लिहून बघितलं. लिहिताना कळलं की सबंध गोष्टीत मी तिला एकदाही सांगितलेलं नाही. थंडीचं बोलले, डिकीचं बोलले. काल संध्याकाळी हे कॉटवर बसून शेंगा सोलत होते. मी फोन लावला.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"ते जाऊ दे. तू ये."

"काय झालं? पप्पा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. शेंगा खातायत."

"मग?"

"मग काही नाही. तू यायचीस, दारात बसून बोलायचीस. ते आता होत नाही. मला करमत नाही गं."

फोनमध्ये तिच्या मागे कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"आई, तू कधी असं बोलली नाहीस," ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बघते. सुट्टीचं बघते."

फोन ठेवला तरी माझे कान गरम होते. यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

"बघते म्हणजे येत नाही."

"हो."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. "मग उद्या परत सांग," ते म्हणाले, आणि पुढची शेंग फोडली.