पप्पांच्या ओळीला वडिवळ्याने ओ दिली

"गळा जपायचा असेल तर घाटात जाऊ नका, तिथलं धुकं आवाज खातं," असं आई पप्पांना म्हणायची. ती होती तोवर त्यांनी ऐकलं. यंदा मात्र त्यांच्या क्वायरचं, म्हणजे गायनवृंदाचं, तालीम शिबिर खंडाळ्यालाच ठरलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या पप्पांनी माझ्याआधी बॅग भरली.

हा क्वायर ख्रिस्ती पुरुषांचा. कामाधंद्यासाठी पुण्यात आलेले केनियाचे, फिलिपिन्सचे, नागालँडचे लोक त्यात आहेत आणि पप्पांसारखे दोन-चार मराठी आजोबा. संचालक योनास नॉर्वेचा. पुढच्या महिन्यात सगळे केनियाला सेवादौऱ्यावर जाणार आहेत. पप्पांना बस लागते, म्हणून सारथी मी.

पुण्याहून जाणार असाल तर जुन्या हायवेने जा. द्रुतगती मार्गावर वेळ वाचतो, पण कामशेतची गरम भजी हुकतात. कार्ल्याच्या आसपास भाताची कापणी चालली होती. गाडीच्या काचा खाली केल्या की ओल्या पेंढ्याचा वास आत येत होता. पप्पा कामशेतपासून गुणगुणत होते. त्यांनी रचलेलं एक भजन दौऱ्याच्या कार्यक्रमात होतं: 'तुझ्या अंगणी थांबलो देवा, दिवा लाव.' पहिली ओळ एकट्या पप्पांनी म्हणायची, मग सगळ्यांनी.

खंडाळ्याचा बंगला जुना, ऐसपैस. राहणं-जेवण धरून माणशी नऊशे रुपये. शाकाहारी जेवण उत्तम. अंघोळीचं गरम पाणी मात्र सकाळी लवकर उठेल त्यालाच मिळतं. मी दरीकडच्या पायरीवर चहा घेऊन बसायची आणि आतून चार आवाजांच्या मेळात गाणी ऐकू यायची. अंगावर काटा यायचा.

पण पप्पांचं भजन काही जमेना. पप्पा ओळ म्हणायचे आणि मग सगळे योनासच्या हाताकडे बघत थांबायचे. हात उठेपर्यंत ओळ थंड होऊन जायची. दुसऱ्या दिवशी जेवताना योनास हळूच म्हणाला, "उद्या गावात गाऊन बघू. तिथेही बसलं नाही, तर हे गाणं कार्यक्रमातून काढावं लागेल."

"काढा की," पप्पा म्हणाले आणि त्यांनी आणखी भात वाढून घेतला. तो भात त्यांनी खाल्ला नाही.

गाव म्हणजे वडिवळे. बंगल्याचे व्यवस्थापक भाऊ तिथले, आमंत्रण त्यांचंच. कामशेतहून आत वळलं की रस्ता अरुंद होतो. समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे घ्यायचं. धरणाचं पाणी निळंशार, काठावर बगळे. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या आणि पुढे बायका बसल्या होत्या. क्वायरमधल्या केनियाच्या उंचपुऱ्या सॅम्युएलला पाहून एक आजी दुसरीला म्हणाली, "ह्याला दारातनं वाकूनच यावं लागत आसंल गं!"

इंग्रजी गाणी लोकांनी शांतपणे, जरा संकोचाने ऐकली. मग पप्पा पुढे आले. त्यांनी ओळ म्हटली. क्वायर हाताची वाट बघत थांबला, आणि तेवढ्यात सगळं पटांगण म्हणालं, 'तुझ्या अंगणी थांबलो देवा...' टाळ्यांच्या ठेक्यासह.

योनास दचकून वळला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

टाळ्या थांबल्या. पप्पांचा चेहरा उतरला. मी उठणार, तेवढ्यात भाऊंची आई पुढच्या सतरंजीवरून म्हणाली, "का ओ? आबा हाक मारत्यात, आन आमी ओ द्यायची न्हाई व्हय?"

"आई, गप की जरा," भाऊ कानकोंडे झाले.

"तू गप! देवाच्या गाण्याला कुटं गप बसत्यात?"

मी योनासला तिचं म्हणणं समजावून सांगितलं. मागून सॅम्युएल मोठ्याने हसला. "आमच्या गावीही असंच गातात," तो म्हणाला. "मी आपला शिस्तीत उभा होतो."

योनासने क्षणभर त्या आजींकडे पाहिलं. मग दोन्ही हात खिशात घातले आणि पप्पांना मान हलवून खूण केली.

पप्पांनी पुन्हा ओळ म्हटली. या वेळी सॅम्युएलचा खर्ज आणि आजींचा चिरका आवाज एकदमच आले, आणि मग बाकीचे सगळे. बघायला हातच नव्हता, त्यामुळे माणसं पप्पांकडे बघत होती. मीही गात होते, हे मला दुसऱ्या कडव्याला कळलं. कळल्यावरही थांबले नाही.

गाणं कार्यक्रमात राहिलं. भाऊंच्या आईने बांधून दिलेला इंद्रायणी तांदूळ घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही खंडाळ्याहून घरी आलो. लोणावळ्यात चिक्की घ्यायला थांबलो नाही, कारण पप्पांना गाडीत चाललेलं गाणं मोडायचं नव्हतं.

आता रोज सकाळी ते हॉलमध्ये ओळ म्हणतात आणि मी पोळ्या लाटता लाटता ओ देते. लहानपणापासून मी त्यांचं गाणं ऐकत आले; त्यांच्याबरोबर गाण्यात केवढं सुख आहे, ते वडिवळ्यात समजलं. ते केनियाला गेल्यावर हे स्वयंपाकघर फार गप्प होईल.

म्हणून काल योनासला लिहिलं: "तुमचा क्वायर पुरुषांचा आहे आणि दौऱ्यावर घरच्यांना नेत नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणाल, हेही दिसतंय. तरी विचारते. त्या एका भजनापुरतं, माझ्या खर्चाने, मागच्या रांगेत मला उभं राहू द्याल का?"