भाकरीखालची कमेंट

त्या बाईंची तक्रार मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा मी बदलापूरला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये आलो, तोच ठाणे अंमलदारांनी एका जोडप्याला आत पाठवलं. कुळगावातलं आगरी कुटुंब. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर. बाई मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायच्या. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. बघणारे वाढले होते, घरबसल्या ऑर्डरी येत होत्या. बारावी नापास बाईने हे सगळं एकटीने उभं केलं होतं.

चार महिन्यांपासून एक खोट्या नावाचा माणूस प्रत्येक व्हिडिओखाली घाण लिहीत होता. आधी टोमणे, मग आईबापाचा उद्धार. शेवटची कमेंट होती, ‘व्हिडिओ बंद कर. तुझं घर मला माहीत आहे.’ बाईंची झोप उडाली होती. चूल पेटवायच्या आधी त्या फोन बघायच्या, परातीत पीठ तसंच सोडून पुन्हा बघायच्या. महिनाअखेरीस चॅनल बंद करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अर्ज नवऱ्याने लिहिला होता, सुवाच्य अक्षरात. तो म्हणाला, “मी कधीपासून सांगतोय साहेब, बंद कर. कशाला पाहिजे डोक्याला ताप?”

अर्जाची नोंद घेतली, सायबर सेलला पत्र पाठवलं. खातं कुणाचं हे व्हिडिओ ॲपच्या कंपनीकडून कळायला आठवडे लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसणारा मी नव्हे. मी बाईंना नेहमीचा प्रश्न विचारला, कुणाशी वैर आहे का? त्या नाही म्हणाल्या. दोन दिवसांनी आमच्या एका खबऱ्याने सांगितलं की उल्हासनगर कॅम्प एकमधली एक पापडवाली सिंधी बाईही असेच व्हिडिओ टाकते आणि ‘भाकरीवालीने माझं गिऱ्हाईक तोडलं’ असं सगळीकडे बोलत फिरते. मला वाटलं, सापडलं.

महिला हवालदाराला घेऊन मी तिच्या दुकानात गेलो. पापडवाली साठीची, गल्ल्यावरून उठलीसुद्धा नाही. जळतेस का, असं मी सरळ विचारलं. “जलती हूँ ना साहेब,” ती म्हणाली. “रोज जळते. तिला इतके लोक बघतात, मला का नाही? पण मी माझ्या नावाने जळते, तिच्या तोंडावर. खोटं नाव कशाला घेऊ?”

मी माझ्या फोनवरच्या कमेंट तिच्यापुढे धरल्या. चष्मा चढवून तिने एकेक वाचली. एका कमेंटवर बोट थांबलं. ‘हिची भाकरी दुपारपर्यंत चामड्यासारखी कडक होते.’

“साहेब, व्हिडिओत भाकरी गरमच असते,” ती म्हणाली. “फुगली, तुकडा तोडला, खतम. दुपारी कडक होते, हे बघणाऱ्याला कसं कळणार? हा डबा खाणारा आदमी आहे.”

महिला हवालदार माझ्याकडे बघायला लागली. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. उल्हासनगरच्याच कॉलेजात शिकलो, तीन वर्षं आईची तांदळाची भाकरी डब्यात नेली, दुपारी ती दातांनी ओढून खाल्ली. ती कमेंट मी दहा वेळा वाचली होती. जे मला सुचायला हवं होतं ते पापडवालीला सुचलं, याचा मला राग आला. खोटं कशाला सांगू, गाडीत बसल्यावरही तो गेला नव्हता.

कुळगावला फोन करून बाईंना विचारलं, ऑर्डरीची भाकरी लोक कधी खातात? त्या म्हणाल्या, गरमागरम करून देते, तासाभरात घेऊन जातात. घरी सगळे ताटावरच खातात. डबा फक्त यांचा. मग हळू आवाजात म्हणाल्या, “कडक होते असं आजवर कुणी बोललं नाय. ती कमेंट वाचून मी गिरणी बदलली.”

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पुरवणी जबाबाला बोलावलं. दमदाटी केली नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, ड्युटीच्या वेळा विचारल्या. जेवणाच्या सुट्टीची वेळ आणि कमेंटच्या वेळा शेजारीशेजारी लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. मग विचारलं, “भाकरी दुपारी कडक होते का हो?”

“थोडी होतेच साहेब, तांदळाचीच ती…” एवढं बोलून तो थांबला. चहाचा कप बशीत ठेवला आणि न मागता फोन माझ्या टेबलावर ठेवला. खोटं खातं त्यातच होतं.

मग तो बराच वेळ बोलला. लग्नाला गेलं की बायका हिच्याभोवती गोळा होतात. कंपनीत सुपरवायझर विचारतो, आज मॅडमनी काय बनवलं? सकाळी उठल्याबरोबर तो तिचे लाईक मोजायचा, कमी झाले की दिवस बरा जायचा. “एका हळदीत सगळ्यांना हिच्याबरोबर फोटो पाहिजे होता,” तो म्हणाला. “फोटो काढायला मोबाईल माझ्याच हातात दिला साहेब. दहा-बारा फोटो काढले. एकातही मी नाही.”

बाईंना बोलावून सांगितलं. त्या रडल्या नाहीत. गुन्हा नोंदवायचा की समज देऊन सोडायचं, हे मी कायद्याच्या भाषेत समजावलं. त्या म्हणाल्या, “माफीनामा नको. यांनी जे लिहिलंय ते मला तोंडावर वाचून दाखवू दे.”

त्याने वाचायला सुरुवात केली. “मोठ्याने,” बाई म्हणाल्या. दोन कमेंट झाल्या. तिसरी बाईंच्या आईवर होती. तिथे तो थांबला.

“लिहिताना नाय थांबला तुम्ही,” त्या म्हणाल्या. “वाचा.”

त्याने सगळ्या वाचल्या. महिला हवालदार खिडकीकडे तोंड करून उभी होती. तक्रार चालवायची नाही असा जबाब बाईंनी सही करून दिला, पण एक अट घातली. यापुढे जे वाटेल ते आपल्या नावाने लिहायचं, घाण सोडून. मग त्या एकट्याच रिक्षात बसून गेल्या.

तेव्हापासून निनावी छळाच्या तक्रारीत मी वैऱ्यांची यादी आधी मागितली नाही. तुमचं चांगलं झालं तेव्हा जवळचं कोण गप्प बसलं, हे आधी विचारलं. पापडवालीचा मत्सर तोंडावाटे निघून जायचा, या माणसाचा अंगठ्यात साठला. मीही काही वेगळा नाही. बॅचमधल्या एकाला पदक मिळालं, ग्रुपवर मी फुलं पाठवली आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही.

चॅनल बंद झालं नाही. पुढच्या महिन्यात मी सहज उघडून बघितलं. कोलंबीच्या कालवणाचा व्हिडिओ होता. खाली पहिल्यांदाच नवऱ्याच्या खऱ्या नावाने कमेंट होती, ‘आज मीठ जास्त झालं.’ त्याखाली बाईंचं उत्तर, एकच शब्द. ‘मान्य.’